चूल तिथेच, तवा सरकला

ज्वालामुखी हा धडा मी बत्तीस वर्षे शिकवला. ज्वालामुखी मात्र एकदाही पाहिला नाही. त्यात नवल काही नाही. आमच्या शाळेतले इतिहासाचे मास्तर पानिपतला गेलेले नव्हते आणि शरीरशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना स्वतःची कोणती दाढ दुखते हे नेमके सांगता येत नसे. फळ्यावर एक उंच त्रिकोण काढावा, त्याच्या पोटातून वर येणारी एक नळी दाखवावी, माथ्यावर लाल खडूचे चार फराटे ओढावेत, की झाला ज्वालामुखी. घंटा झाल्यावर फडके फिरवले की तो शांतही होई. अशा निर्धोक ज्वालामुखीवर नोकरी करून मी बीड शहरात सुखाने सेवानिवृत्त झालो.

तर यंदाच्या आषाढात चिरंजीवांचा पुण्याहून फोन आला.

“बाबा, पुढच्या वर्षी तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. तुम्हा दोघांना मॉरिशस दाखवायचं ठरवलंय. आम्हीही येतो. ज्वालामुखीनं तयार झालेलं बेट आहे, तुम्हाला आवडेल. अगदी निवांत सहल करू.”

मी फोनवर हात ठेवून ही शुभवार्ता स्वयंपाकघरात पोचवली. आतून आनंदाचा उद्गार येईल अशी माझी अपेक्षा. आतून आला तो प्रश्न.

“तिथे बसायला मिळेल का?”

वाचकहो, या प्रश्नात आमच्या संसाराचा चाळीस वर्षांचा प्रवासवृत्तांत भरलेला आहे. मी वेळापत्रकाचा माणूस. शाळेत पस्तीस मिनिटांच्या तासावर आयुष्य गेले, त्यामुळे कोणत्याही देवाला मी पस्तीस मिनिटांहून अधिक वेळ देत नाही. रामेश्वरला बावीस तीर्थांची स्नाने मी सौ.ला पाऊण तासात उरकायला लावली होती. काशीला गंगेच्या घाटावर ती जरा टेकली, तोच मी घड्याळ दाखवले. पुन्हा या सगळ्या सहलींत डबे तिने बांधले, धर्मशाळेत स्टोव्ह तिने पेटवला आणि परत आल्यावर प्रवासाचे वर्णन मात्र ओसरीवर बसून मी केले. आता तिचे गुडघे बोलू लागले आहेत. त्यामुळे परदेशी जायचे म्हटल्यावर तिने विमान, पासपोर्ट, थंडीवारा यांतले काहीच विचारले नाही. बसायला मिळेल का, एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी त्या निवांत सहलीची कार्यक्रमपत्रिका मोबाइलवर धाडली. सात दिवसांत एकवीस स्थळे! सकाळी साडेसातला मोटारीत बसायचे, संध्याकाळी सातला उतरायचे. सौ.ने चष्मा लावून ती पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, “पोरगा तुमच्यावरच गेला.”

मी खजील झालो, पण भूगोलाचा मास्तर जागा झाला. कपाटातून नकाशांचे जुने पुस्तक काढले, हिंदी महासागराचे पान उघडले आणि आठ दिवस त्या ठिपक्याचा अभ्यास केला.

हे बेट उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे 45 किलोमीटर रुंद. म्हणजे बीडहून मोटारीने निघालो, तर अंबाजोगाई यायच्या आधीच बेट संपून आपण समुद्रात! आपल्या बीड जिल्ह्यात अशी पाच बेटे सहज मावतील. पण एवढ्याशा जागेत निसर्गाने फार दाटीने सामान मांडले आहे. कडेला पांढरी वाळू आणि पोवळ्याचे कठडे, मध्ये उंच पठार, पठारावर विझलेल्या ज्वालामुखींची तोंडे. क्यूरपीप या गावात तर असे एक तोंड लोकवस्तीला लागून आहे. त्रू-ओ-सेर, म्हणजे हरणांचा खड्डा, असे त्याचे फ्रेंच नाव. काठाने रस्ता आहे, आत उतरणीवर झाडी आहे आणि तळाशी पाणी. जिथून एकेकाळी वितळलेला दगड उसळला, तिथे आता माणसे सकाळचे फिरायला येतात.

दक्षिणेकडे शामारेल गावाजवळ एक उघडी टेकडी आहे. तिच्या मातीत तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळा असे रंग शेजारी शेजारी दिसतात. लाव्हाचा दगड कुजून माती झाली आणि त्यातल्या लोखंडाच्या व ॲल्युमिनियमच्या गंजाने हे रंग चढले, एवढेच त्याचे शास्त्र. नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा 556 मीटर उंचीचा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत दडून राहत. म्हणून 2008 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. राजधानी पोर्ट लुई. तिथल्या संग्रहालयात डोडो पक्ष्याची हाडे आहेत. तो जिवंत पक्षी सतराव्या शतकातच संपला. डच खलाशी बेटावर आल्यापासून शंभर वर्षेही तो टिकला नाही. आमच्या नातीला, म्हणजे चौथीतल्या एका अत्यंत चौकस व्यक्तीला, बेटावरचे फक्त हेच स्थळ पाहायचे आहे.

एवढा अभ्यास झाल्यावर मला पहिला साक्षात्कार झाला. जागा लहान असली की माणूस तिथे स्थळे कोंबतो. वास्तविक उलटे हवे. सगळेच जवळ असेल, तर धावायचे कशाला? मी एकवीसातली अकरा स्थळे खोडली. सौ.ने पेन्सिल घेऊन आणखी चार खोडली. उरली सहा. दिवस मात्र सातांचे नऊ केले.

गौरी-गणपतीला मुलगा, सून आणि नात बीडला आली. सौ.ने जाहीर केले की परदेशी जाण्याआधी रंगीत तालीम झाली पाहिजे. “आपल्याला निवांत बसता येतं का, हे आधी घरी बघू. नाहीतर लाखभर रुपये घालून तिकडे जाऊन हे घड्याळ बघत बसायचे.”

तालमीचे ठिकाण ठरले आमचे कंकालेश्वर. ज्यांनी बीड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: हे शेकडो वर्षांचे जुने, काळ्या दगडात बांधलेले शिवाचे देऊळ कुंडाच्या मधोमध उभे आहे. चहूबाजूंनी पाणी. पावसाळ्यात ते भरलेले असते, आणि देवळाची काळी भिंत पाण्यात उलटी उतरलेली दिसते. मी तिथे हजार वेळा गेलो असेन. महाशिवरात्रीच्या जत्रेत ढकलला गेलो आहे, परीक्षेच्या दिवसांत घाईघाईने नमस्कार करून आलो आहे. पण तीन तास बसलो मात्र कधी नव्हतो.

चार वाजता बसलो. सव्वाचारला मी विचारले, “निघायचं का?” सौ.ने उत्तर दिले नाही. साडेचारला मुलाने मोबाइल काढला. सूनबाईंनी तो काढून आपल्या पर्समध्ये घातला. पाचच्या सुमारास, दुसरे करण्यासारखे काहीच न उरल्यामुळे, मी भिंतीकडे पाहू लागलो. त्या दगडाला बारीक बारीक छिद्रे होती. कुठे कुठे छिद्रात पांढुरके स्फटिक भरलेले. बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो होतो की लाव्हा थंड होताना त्यातली वाफ निसटते, तिथे पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत गारा भरतात. ते छिद्र माझ्या नाकासमोर होते, आणि मी ते प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात नात म्हणाली, “आजोबा, हा दगड ज्वालामुखीचा ना? आणि सगळीकडे पाणी आहे. मग हेपण ज्वालामुखीचं बेटच झालं की!”

सौ. हसली. म्हणाली, “चला, पैसे वाचले.”

पैसे वाचले नाहीत. पण विचार सुरू झाला. आपण दख्खनचे लोक ज्वालामुखीवर राहतो हे पुस्तकात वाचून विसरलेले असतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा मुलूख त्या थरांखाली आहे. बालाघाटच्या डोंगराकडे लांबून पाहा, पायऱ्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ नाव पडले. स्वीडिश भाषेत जिन्याला तसा शब्द आहे. घराच्या पायाचा काळा फत्तर, रस्त्यावरचा मुरूम, कापसाची काळी माती, ही सगळी त्या एकाच आगीची लेकरे.

पण खरी गंमत पुढे आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञ असे मानतात की, ज्या आगीने आपले दख्खन रांधले, तिनेच पुढे मॉरिशसही रांधले. हे मी नातीला सांगू लागलो, तेव्हा घरी आलो होतो. सौ. भाकऱ्या थापत होती, मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बाई राखेचा हात फिरवत होत्या. कोटी-लक्ष वर्षांचे आकडे ऐकून नातीचे डोळे मिटू लागले. शेवटी मी उठलो, रिकामा तवा घेतला आणि शेगडीवर धरला.

“हा जाळ बघ. हा पृथ्वीच्या पोटात एका जागी आहे. आणि हा तवा म्हणजे आपल्या पायाखालची जमीन. ती फार सावकाश सरकत असते. आधी जाळावर आपलं दख्खन होतं. तेव्हा आपण आजच्या जागी नव्हतो, खूप दक्षिणेला, समुद्रात होतो. तिथे दख्खन पोळलं. मग तवा उत्तरेला सरकला.” मी तवा सरकवला. “त्याच्यामागून लक्षद्वीपची, मालदीवची जागा जाळावर आली. पुढे समुद्राचा तळच दुभंगला, तव्याचे दोन तुकडे झाले. आपला तुकडा उत्तरेला निघून गेला, दुसरा मागे राहिला. त्या मागच्या तुकड्यावर ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं. आता तेही जाळावरून बाजूला झालंय, म्हणून तिथले ज्वालामुखी विझले. शेजारच्या रियुनियन बेटावरचा अजून पेटतो.”

नात काही बोलायच्या आत मागच्या दारातून आवाज आला.

“म्हंजी चूल तिथंच ऱ्हायली आन् तवाच सरकला म्हणा की, गुरुजी.”

बत्तीस वर्षांत हा धडा इतक्या थोडक्यात माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. मी थक्क होऊन पाहिले. बाई हातातले पातेले विसळत होत्या.

“तुम्ही शाळेत शिकलात का हे?” मी विचारले.

“न्हाई. तुमच्याच शाळंत व्हते मी, सातवीपस्तोर. पर ह्यो धडा दिवाळीनंतर यायचा. दिवाळीनंतर आमी कुठं शाळंत असायचो?”

बीडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इतर वाचकांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उन्हाळा-पावसाळ्यात उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत फडावर राबायचे. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. पाच-सहा महिन्यांनी परत. मागे कोणी सांभाळणारे नसले, तर पोरेही बरोबर. दिवाळीच्या सुटीनंतर मी पट पुकारायचो, तेव्हा एकामागून एक नावांना उत्तर येत नसे. त्या नावांपुढे मी शेरा मारी: ‘कारखान्यावर’. मग खडू घेऊन उरलेल्या मुलांना ज्वालामुखी शिकवी.

या बाई त्या नावांपैकी एक होत्या. आणि मला त्या आठवत नव्हत्या.

“गुरुजी, तिकडं बेटावर काय पिकतं?” त्यांनी विचारले.

“ऊस,” मी म्हणालो.

“आँ? तिकडं बी ऊस? मंग तोडतंय कोण?”

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, पण चिरंजीवांच्या एकवीस स्थळांत ते नव्हते, आणि सांगायला लाज वाटते, माझ्या सहा स्थळांतही नव्हते. मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना माणसे हवी होती. ती हिंदुस्थानातून आणली. 1834 पासून पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांवर माणसे तिथे उतरली. पुष्कळशी बिहारकडची, काही तमिळ व तेलुगू मुलखांतली, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठीही, बहुतेक कोकणातली. आमचे बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. जाताना पाच वर्षांच्या करारावर अंगठा. त्या कराराला, म्हणजे इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’ला, लोक ‘गिरमिट’ म्हणत. पगार महिना पाच रुपये. पोर्ट लुई बंदरात जिथे ही माणसे उतरत, तिथे काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. 2006 साली तीही जागतिक वारशात आली.

आणि दगड! ज्वालामुखीच्या बेटावर शेत करायचे म्हणजे आधी दगड वेचायचे. ते या माणसांनी हातांनी वेचले आणि शेतांमध्ये ढीग घातले. उसाच्या हिरव्या शेतात मधूनच काळ्या दगडांचे मोठाले ढीग, काही मनोऱ्यासारखे नीट रचलेले, आजही उभे आहेत. ते पाहायला तिकीट नाही.

हे सगळे मी सांगितले. बाई पदराला हात पुसत उंबऱ्याशी टेकल्या होत्या. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, “उचल घेऊनच गेली म्हणायची ती बी. आमचं सहा म्हैन्यांचं, त्यांचं पाच वर्सांचं. मंग माघारी आली का?”

“काही आली. बरीच तिथेच राहिली. त्यांची नातवंडं-पतवंडं आता तिथली मालक आहेत. 1968 साली देश स्वतंत्र झाला. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते, दिवाळीलाही असते. मराठी माणसं थोडीच आहेत, घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण मुलांना मराठी शिकायची सोय आहे.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पोरं शिकली म्हंजी बरं झालं.” मग सौ.कडे वळल्या. “काकू, तेच सांगायचं व्हतं. दसरा झाला की टोळी निघतीया. कामाला दुसरं कुणी बघा. यंदा पोरीला बी न्यावं लागंल. सासूबाई उन्हाळ्यात गेल्या, मागं कुणी न्हाई.”

त्यांची मुलगी आठवीत आहे. सकाळी कधी आईबरोबर येते आणि ओसरीवर बसून गृहपाठ करते. मास्तरकीत मी एक गोष्ट पाहिली आहे: आठवी-नववीतली मुलगी एकदा फडावर गेली की परत वर्गात फारशी दिसत नाही. पुढे तिच्या लग्नाची पत्रिका येते. अलीकडे अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली आहेत, काही पोरे त्यांच्या आधाराने टिकतातही. पण वयात आलेली लेक मागे ठेवायची म्हणजे आईच्या जिवाला घोर. तो घोर मी पट पुकारून कमी करू शकत नव्हतो.

त्या रात्री सौ. बराच वेळ जागी होती. मी विचारले, “गुडघे दुखतायत का?”

“नाही. विचार करतेय. आपल्याला निवांत व्हायला नऊ दिवस लागणार, त्यासाठी तिकडे जायचं. आणि ही पोर इथून जाणार.”

सकाळी तिने निर्णय सांगितला. विचारला नाही, सांगितला. पोरगी आमच्या घरी राहील. माजघरातली खोली तिची. आई येईपर्यंत शाळा बुडणार नाही. बाईंनी लगेच होकार दिला नाही. त्या नवऱ्याशी बोलल्या, दोन दिवस घेतले. नवरा येऊन आमचे घर पाहून गेला, ओसरीवर अंग चोरून बसला, चहा प्यायला आणि जाताना म्हणाला, “काकू, हिला घरातलं काम सांगत जा. नुसती ठेवू नका.” सौ. म्हणाली, “माझ्याबरोबर जेवढं मी करीन तेवढंच ती करील. बाकी वेळ अभ्यास.” तेव्हा कुठे ठरले.

आता पेच सहलीचा. चिरंजीवांनी नाताळच्या सुटीतली तिकिटे हेरून ठेवली होती. डिसेंबरात घरात शाळेची मुलगी, तिला सोडून नऊ दिवस जायचे कसे? मी फोन उचलला आणि भूगोलाचा आश्रय घेतला.

“हे बघ, ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला. डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा. पुढे जानेवारी ते मार्च वादळांचा मोसम. आणि नाताळात सगळीकडे गर्दी, दरही चढे. उलट मे महिन्यात आपल्या बीडला अंगाची लाही होते, तेव्हा तिथे हिवाळा लागत असतो. हवा कोरडी, सुखाची. शिवाय नातीची शाळा बुडत नाही.”

सगळे मुद्दे खरे होते. तरी चिरंजीव म्हणाले, “पण बाबा, आषाढात तर तुम्ही डिसेंबरला हो म्हणाला होतात!”

सौ.ने फोन माझ्या हातून घेतला. “उन्हाळ्यात जाऊ. घरात शाळेचं पोर आहे,” एवढेच म्हणाली. या मुद्द्यावर चिरंजीवांनी वाद घातला नाही. त्यांच्या दहावीच्या वर्षी आम्ही लग्नाकार्यालाही घराबाहेर पडलो नव्हतो, ते त्यांना आठवले असावे.

मे महिन्यापर्यंत साखरेचा हंगाम संपतो, टोळ्या परत येतात. पोर आईच्या हवाली करून आम्ही निघू. मुंबईहून थेट विमान आहे, सहा-साडेसहा तासांचा प्रवास. भारतीय पासपोर्टाला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे कागद बरोबर हवेत. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे पोचताक्षणीच दीड तासाची निवांत मिळकत! शाकाहारी माणसाने भिऊ नये. तिथे रस्त्यावर दाल पुरी मिळते. वाटाण्याच्या डाळीचे न गोड केलेले पुरण भरलेली पोळीच म्हणा. पठारावर पाऊस केव्हाही येतो, म्हणून छत्री न्यायची. मोटार चालकासह ठरवायची, पण रोज नाही, एक दिवसाआड.

आता आमची नवी कार्यक्रमपत्रिका अशी आहे. पहिला दिवस काही नाही, समुद्रासमोर बसणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्रवासी घाट. सोळा पायऱ्यांपाशी जितका वेळ वाटेल तितका वेळ, आणि मग नातीचा डोडो. तिसरा दिवस पुन्हा काही नाही. मग क्यूरपीपचा तो खड्डा आणि त्याच दिवशी गंगा तलाव. हे ज्वालामुखीच्या जुन्या तोंडात साठलेले पाणी. काठावर शंकराचे देऊळ आहे, आणि 1972 साली तिथे गंगेचे पाणी आणून मिसळले आहे. महाशिवरात्रीला बेटावरची माणसे घरापासून चालत तिथे जातात. काळा दगड, पाणी आणि महादेव. आम्हाला तिथे परके वाटणार नाही. मग शामारेलची माती. ल मॉर्नचा कडा खालून पाहायचा, गुडघ्यांच्या परवानगीने. आणि एक अख्खी दुपार कोणत्याही पुस्तकात न दिलेल्या स्थळासाठी: उसाच्या शेताच्या कडेला मोटार थांबवून दगडांच्या ढिगासमोर बसायचे. आता तिथे पूर्वीइतका ऊस राहिलेला नाही, पर्यटन आणि इतर धंदे वाढले आहेत, असे वाचतो. पण ढीग आहेत.

या दुपारचा हट्ट कोणाचा, हे चतुर वाचकांनी ओळखले असेल. टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी बाई निरोप घ्यायला आल्या होत्या. दारात टेम्पो नव्हता, पण त्यांच्या बोलण्यात सगळे सामान होते: ज्वारीचे पोते, दोन पातेली, ताडपत्री, कोयते, धाकट्याची झोळी. आमच्या नऊ दिवसांच्या सामानाची यादी यापेक्षा लांब आहे. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, “काकू, त्या ढिगाचा फोटू आणा बरं. बघू, दगड आपल्यासारखाच हाय का.”

सौ. म्हणाली, “आणते. आणि तिथे बसून येते. नुसता फोटो काढून नाही.”

त्या गोष्टीला आता आठवडा झाला. माजघरात दिवा आहे. आत्ता, मी हे लिहीत असताना, मुलगी ओसरीवर नकाशांचे जुने पुस्तक उघडून बसली आहे. हिंदी महासागराच्या पानावर बीडपासून लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस, रियुनियन अशी पेन्सिलीने फिकट रेघ ओढते आहे. पुस्तकावर रेघ ओढणे मी आयुष्यभर कोणाला खपवून घेतले नाही. आज काही बोललो नाही.

दिवाळीची सुटी संपली की तिच्या वर्गात ज्वालामुखीचा धडा येईल. मास्तर पट पुकारतील, तेव्हा ती ‘हजर’ म्हणेल. आमची सहल त्या दिवशीच सुरू झाली असे सौ. म्हणते. मे महिन्यात जायचे ते फक्त बसायला.

वाचकांना दिवाळी सुखाची जावो.